रहदारी बोगद्यात गेली, रस्ते डोंगरात राहिले: आब्रुत्सोत सायकल कुठे चालवावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याचे तिघे जण जूनमध्ये दहा दिवस इटलीत रोड बाइक चालवायला निघालेत. उत्तर इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगरांची गर्दी नको, डोंगर मात्र खरे हवेत, आणि रस्ते असे की मागून येणाऱ्या गाडीचा धाक नको. सायकलींना २८ मिमी टायर आणि ११-२८ कॅसेट (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांचा संच, सगळ्यात मोठी २८ दातांची) आहे. कुठे जावं?

आब्रुत्सोला जा. रोमच्या पूर्वेला, आपेन्नीन पर्वतरांग जिथे सगळ्यात उंच होते तो हा प्रदेश. ग्रान सास्सो गटातलं कोर्नो ग्रांदे शिखर २,९१२ मीटर, मायेल्लातलं मोंते आमारो २,७९३ मीटर. चढ आल्प्सच्या तोडीचे आहेत, गर्दी त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पण आब्रुत्सोतला प्रत्येक रस्ता शांत नाही. लाक्विलाहून पोपोलीकडे जाणाऱ्या राज्यमार्ग १७ वर एक दिवस काढलात तर ट्रकच्या वाऱ्याने वैतागून परत याल. त्यामुळे मार्गांच्या आधी ते निवडायची रीत सांगतो.

डोंगरातला रस्ता रिकामा असतो, कारण त्याचं काम दुसऱ्या कुणीतरी घेतलेलं असतं. लाक्विला आणि तेरामो यांना जोडणारा जुना राज्यमार्ग ८० कापान्नेल्ले खिंडीतून जातो. १९८४ साली ग्रान सास्सोच्या पोटातून दहा किलोमीटरचा महामार्ग-बोगदा सुरू झाला आणि ट्रक, बस, घाईतले लोक सगळे त्या ए-२४ महामार्गावर गेले. तसंच रोम-पेस्कारा ए-२५ महामार्गाने जुन्या तिबुर्तिना व्हालेरियाचं, म्हणजे राज्यमार्ग ५ चं, काम काढून घेतलं. रस्ता तसाच रुंद, वळणं राज्यमार्गाला शोभेल अशी आखलेली, उतार बेताचा, आणि गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. नकाशावर महामार्ग आणि त्याला समांतर जाणारा जुना राज्यमार्ग अशी जोडी दिसली की आधी तिथे बोट ठेवायचं. उलट ज्या राज्यमार्गाला समांतर महामार्ग नाही तो टाळायचा. १७ नंबरची गोष्ट नेमकी तीच आहे.

दुसरी खूण म्हणजे स्की केंद्र. हिवाळ्यासाठी बांधलेला चांगला डांबरी रस्ता जून आणि सप्टेंबरमध्ये ओस असतो. तिसरी गोष्ट रस्त्याची नाही, वाराची. इथल्या शांततेचा खरा शत्रू मोटार नसून मोटरसायकल आहे. कापान्नेल्ले, सागित्तारिओची घळ, कांपो इम्पेरातोरे हे रविवारी दहा ते पाचच्या दरम्यान मोटरसायकलवाल्यांचे लाडके रस्ते असतात. मंगळवारी सकाळी त्याच रस्त्यावर तासभर कुणी दिसत नाही. म्हणून शनिवार-रविवार लहान स्थानिक रस्त्यांना द्या आणि नावाजलेल्या खिंडी मधल्या वारांना. ऑगस्टचा मधला आठवडा मात्र पूर्ण सोडून द्या. १५ ऑगस्टच्या सुटीला अर्धं रोम डोंगरात असतं. तुमचा जून उत्तम. मेमध्ये वरच्या रस्त्यांवर बर्फ उरलेला असू शकतो.

मुक्काम पहिल्यांदा सुल्मोनाला टाका. रोमच्या तिबुर्तिना स्टेशनहून थेट प्रादेशिक रेल्वेगाडी येते, साधारण अडीच-तीन तास. गाव ४०० मीटर उंचीवर, सपाट खोऱ्यात, चारही बाजूंना चढ.

पहिल्या दिवशी पाय मोकळे करायला पाचेन्त्रो आणि पास्सो सान लेओनार्दो. सुल्मोनाहून पाचेन्त्रोच्या बुरुजांपर्यंत ३०० मीटर चढ, तिथून मायेल्ला आणि मोर्रोने या दोन डोंगरांमधल्या दरीने १,२८२ मीटरच्या खिंडीपर्यंत. सुमारे २० किलोमीटरचा चढ, कुठेही छाती दडपणारा नाही. वरून उत्तरेला कारामानिकोकडे न उतरता दक्षिणेला कांपो दी जोव्हेकडे वळा आणि कान्सानोवरून सुल्मोनाला परत या. पन्नासेक किलोमीटर, हजार-अकराशे मीटर चढाई. सिंहगडाचा घाट जवळपास दोनदा चढलात असं धरा, फक्त सलग. हा फेरा रविवारी केला तरी चालतो. कांपो दी जोव्हे ते कान्सानो उतरताना डांबरावर रस्त्याच्या दिशेने गेलेल्या लांब भेगा आहेत. २८ चा टायर त्यात अडकत नाही, पण वळणात पुढचं चाक भेगेवर गेलं की सायकल झटका देते. तिथे रेषा धरण्यापेक्षा वेग कमी ठेवलेला बरा.

खरी मेजवानी दोन दिवसांचा मोठा फेरा आहे. सुल्मोनाहून आन्व्हेर्सा, तिथून सागित्तारिओच्या घळीतून व्हिल्लालागो, स्कान्नोचं तळं, स्कान्नो गाव (१,०५० मीटर) आणि वर पास्सो गोदी, सुमारे १,६३० मीटर. मग राष्ट्रीय उद्यानातून व्हिल्लेत्ता बार्रेआपर्यंत उतार. पहिला दिवस साठ-पासष्ट किलोमीटर आणि तेराशे मीटर चढाईचा. मुक्काम व्हिल्लेत्तात किंवा शेजारच्या चिव्हितेल्ला आल्फेदेनात. दुसऱ्या दिवशी ओपीवरून पेस्कास्सेरोली, पास्सो देल दियाव्होलो (१,४०० मीटर), जंगलातून लांबलचक उतार उतरून जोइया देई मार्सी, पेशीना. तिथून जुन्या तिबुर्तिनाने फोर्का कारूसो (१,१०७ मीटर) ओलांडून कास्तेल दी इएरी, रायानो आणि सुल्मोना. हा दिवस शंभर किलोमीटरच्या वर जातो. कुणाचे पाय संपले तर पेशीनाला स्टेशन आहे, रोम-पेस्कारा मार्गावरची प्रादेशिक गाडी पकडून सुल्मोनाला उतरता येतं.

या फेऱ्यात तीन जागी लोक फसतात.

घळ. आन्व्हेर्सा ते व्हिल्लालागो रस्ता चुनखडीच्या कड्याला चिकटून जातो, अरुंद आहे, मधे छोटे बोगदे आहेत आणि प्रत्येकात दिवा असेलच असं नाही. जूनच्या उन्हातून काळा चष्मा लावून आत शिरलात की तीन-चार सेकंद काहीच दिसत नाही, आणि तेवढ्यात खड्डा येतो. चष्मा नाकावर खाली ओढा, मागचा दिवा दिवसाही चालू ठेवा. कायदाही आहे: बोगद्यात, आणि वस्तीबाहेर सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत, परावर्तक जाकीट किंवा पट्टे आणि दिवे लागतात. साध्या सायकलवर हेल्मेटची सक्ती नाही, तरी ते घालायचंच. आणि एक, शेजारी-शेजारी चालवायची हौस असेल तर वस्तीबाहेर ते चालत नाही; रस्ता कितीही रिकामा असो, एकामागे एक. पावसानंतर घळीत चुनखडीच्या कपच्या पडलेल्या असतात. त्यांच्या धारेने टायरची बाजू कापली जाते आणि सीलंट (टायरमधलं भोक बुजवणारं द्रव) तिथे काही करू शकत नाही. आत लावायला टायरचा जाड तुकडा जवळ ठेवा.

वारा. फोर्का कारूसोच्या पश्चिमेला कोल्लार्मेलेजवळ पवनचक्क्या उभ्या आहेत, त्या उगाच नाहीत. दुपारी पश्चिमेचा वारा उठला तर पेशीनाकडून चढताना तो पाठीशी असतो. हा फेरा उलट दिशेने काढला तर तोच तोंडावर येतो. दिशा वर सांगितली तशीच ठेवायचं हे मोठं कारण.

आणि फुचिनो. जोइया देई मार्सीच्या खाली दिसणारं सपाट मैदान हे एकोणिसाव्या शतकात आटवलेलं तळं आहे, आज बटाटे-गाजराची शेती. नकाशावर तिथले सरळ रस्ते मोहात पाडतात. त्यांच्यावर ट्रॅक्टर, मालट्रक, चिखल आणि आडवा वारा असतो. डोंगराच्या कडेकडेने पेशीनाला जा.

याच वाटेजवळ कोकुल्लो गाव आहे. तिथे १ मे रोजी सापांची जत्रा भरते, संताच्या मूर्तीवर जिवंत साप चढवून मिरवणूक निघते. बत्तीस शिराळा पाहिलेल्यांना नवल वाटणार नाही. तुम्ही जूनमध्ये जाताय, पण मेमध्ये जाणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर त्या दिवशी या बाजूच्या रस्त्यांवर सायकल काढू नये.

सुल्मोनाहून लाक्विलाला जायचा प्रश्न आला की सगळी ॲप्स राज्यमार्ग १७ दाखवतात. ऐकू नका. रायानोवरून कास्तेल्व्हेक्यो सुबेक्वो, मोलिना आतेर्नो, फोंतेक्यो, सान देमेत्रिओ असा आतेर्नो नदीच्या काठाने जाणारा सुबेक्वाना मार्ग, नंबर २६१, धरा. सत्तरेक किलोमीटर. सुल्मोना-लाक्विला रेल्वेही याच दरीतून जाते, म्हणजे अडचण आली तर मधे स्टेशनं आहेत. शेवटचे पंधरा किलोमीटर, सान देमेत्रिओनंतर, गाड्या वाढतात. ते सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी एक ते तीनच्या जेवणाच्या वेळेत उरकावेत. त्या दोन तासांत इटलीचे रस्ते एरवीपेक्षा निम्मे रिकामे असतात. मात्र दुकानंही तेव्हाच बंद असतात. किराण्याचं दुकान दुपारी एकच्या सुमाराला शटर ओढतं ते चार-पाचपर्यंत. रविवारी दुपारनंतर उघडेल याचा भरवसा नाही. साडेबाराला पाव, चीज, केळी घेऊन टाकायची सवय लावा.

आता कांपो इम्पेरातोरे. सुमारे २७ किलोमीटर लांब आणि आठ किलोमीटर रुंद पठार, दीड हजार ते एकोणीसशे मीटर उंचीवर, झाड औषधालाही नाही. पठाराच्या टोकाशी २,१३० मीटरवर जुनं हॉटेल आहे, ज्यात १९४३ साली मुसोलिनीला कैदेत ठेवलं होतं. जिरो दितालिया या इटलीच्या सगळ्यात मोठ्या सायकल शर्यतीचे टप्पे इथे संपतात. १९९९ साली इटलीचा शर्यतपटू पांतानी इथे जिंकला होता. लाक्विलाच्या बाजूने फोंते चेर्रेतोहून हॉटेलपर्यंत २७ किलोमीटरमध्ये हजार मीटर चढ आहे. ऐकायला सोपं वाटतं आणि बराच वेळ सोपं असतंही, पण शेवटचे साडेचार किलोमीटर आठ टक्क्यांच्या आसपास आहेत आणि दोन हजार मीटरवर वाऱ्यात चढायचे आहेत. आधीच्या सौम्य भागात जोरात गेलेला माणूस इथे थांबतो.

माझं मत विचाराल तर फोंते चेर्रेतोकडून जाऊ नका, गाड्या तिथूनच येतात. मुक्काम सांतो स्तेफानो दी सेस्सानिओला (१,२५० मीटर) किंवा कास्तेल देल मोंतेला (१,३५० मीटर) हलवा. सांतो स्तेफानोहून सकाळी सातला निघून उत्तरेच्या लहान रस्त्याने राकोल्लोच्या तळ्याकडे चढा. पठारावर आलात की पूर्वेकडे फोंते व्हेतिका, तिथून काप्पो ला सेर्राची चढण ओलांडून कास्तेल देल मोंतेत उतरा, मग कालाशोवरून परत. पन्नासेक किलोमीटरचा फेरा. हॉटेलपर्यंत जाऊन यायचं असेल तर ते राकोल्लोनंतर लगेच, पश्चिमेला वळून, सकाळीच उरका. उन्हाळ्यात दुपारनंतर ग्रान सास्सोवर ढग चढतात आणि वीज पडते. पठारावर सगळ्यात उंच वस्तू तुम्ही आणि तुमची सायकल असता. दुपारी एकच्या आत पठार सोडलेलं असावं.

पाणी ही इथली दुसरी अडचण. आब्रुत्सोच्या गावांत चौकात पिण्याच्या पाण्याचे नळ वाहत असतात, पण चुनखडीच्या पठारावर पाणी जमिनीत मुरून जातं. वरच्या हौदांमधलं पाणी गुरांसाठी असतं. 'नॉन पोताबिले' अशी पाटी असली तर पिऊ नका. पाटी नसेल आणि हौदात शेवाळ असेल तरी पिऊ नका. निघतानाच दोन मोठ्या बाटल्या भरा. फोंते व्हेतिकाला खाण्यापिण्याची सोय आहे: दुकानातून मेंढीच्या मांसाच्या बारीक काड्या, आरोस्तिचीनी, विकत घ्यायच्या आणि बाहेरच्या शेगडीवर स्वतः भाजायच्या.

शाकाहारी असाल तर या प्रदेशात थोडं आधी विचार करून ठेवावं लागतं. भाजलेलं स्कामोर्त्सा चीज, चीज-अंड्याचे गोळे म्हणजे पाल्लोत्ते काचो ए ओव्हा, घेवड्याची पास्ता हे जवळपास सगळीकडे मिळतं. सांतो स्तेफानोची बारीक मसूर प्रसिद्ध आहे, पण तिच्या सुपात पुष्कळदा डुकराची चरबी किंवा पान्चेत्ता (डुकराचं खारवलेलं मांस) घातलेली असते. 'सेंत्सा कार्ने' (मांसाशिवाय) म्हटलं तर वेटर फक्त मांसाच्या फोडी वगळतो. पान्चेत्ताचं नाव घेऊन विचारा. आणि फारिंदोलाचं पेकोरीनो चीज जमवायला डुकराच्या जठरातलं विरजण वापरतात. ज्यांना चालत नाही त्यांनी ते नावच लक्षात ठेवावं.

पठारावरची तिसरी गोष्ट, आणि याच्याबद्दल बाहेरून येणारे सगळ्यात कमी वाचून येतात: कुत्रे. जूनमध्ये मेंढ्यांचे कळप वर येतात आणि त्यांच्याबरोबर मारेम्मा-आब्रुत्सो जातीचे पांढरे राखणदार कुत्रे. नर चाळीस किलोच्या पुढचा असतो. हे कुत्रे कळप हाकत नाहीत, लांडग्यापासून राखतात. त्यांच्या लेखी वेगाने जवळ येणारी कुठलीही गोष्ट लांडगा आहे. त्यामुळे जोर लावून निसटायचा प्रयत्न हाच सगळ्यात वाईट उपाय. गुरगुरणारा कुत्रा पळणाऱ्यामागे धावतोच, आणि चढावर तुम्ही त्याच्यापुढे जाऊ शकत नाही. कळप रस्त्याजवळ दिसला की दोनशे मीटर आधी वेग कमी करा आणि मेंढपाळ कुठे आहे ते बघा. कुत्रा भुंकत आला तर उतरा. सायकल तुमच्या आणि त्याच्या मधे आडवी धरा, नजरेला नजर देऊ नका, शांत आवाजात बोलत, कळपापासून दूरच्या कडेने चालत राहा. पंप उगारू नका, दगडासाठी वाकू नका. तिघे असाल तर एकत्र राहा. एक पुढे, दोन मागे अशी फाटाफूट झाली की कुत्रे मधे येतात. कळप रस्ता ओलांडत असेल तर थांबा, मग दहा मिनिटं जावोत की वीस. शंभरेक पावलं गेल्यावर तुम्ही त्याच्या हद्दीबाहेर पडता आणि तो आपोआप परत फिरतो. मग सायकलवर बसा, तेही हळूच.

पठारावरून पूर्वेला उतरायचं असेल तर व्हादो दी सोले (१,६२१ मीटर) ही खिंड आहे. तिथून रिगोपियानोवरून फारिंदोला आणि पुढे पेन्ने. फारिंदोलापर्यंतच अठरा-वीस किलोमीटरमध्ये हजार मीटरच्या वर उतार, बीचच्या जंगलातून. हाच रस्ता उलट चढला तर या प्रदेशातल्या सुंदर चढांपैकी एक आहे आणि त्यावर गाड्या फारच कमी.

इथे जमिनीबद्दल बोलायला हवं, कारण आब्रुत्सोत रस्ता बंद का आहे हे खडक सांगतो. वरची पठारं आणि घळी चुनखडीच्या. तिथे रस्त्याचा पाया टिकतो, धोका वरून पडणाऱ्या दगडांचा. ग्रान सास्सोच्या पूर्वेकडचा, समुद्राकडे उतरणारा भाग मात्र चिकणमातीचा आहे. हिवाळ्याच्या पावसात ती माती सरकते आणि रस्ता घेऊन खाली जाते. म्हणून इझोला, कास्तेल्ली, आर्सिता, फारिंदोला या पट्ट्यात लाटांसारखं डांबर, खचलेल्या कडा आणि वर्षानुवर्षं न उघडलेले तुकडे भेटतात. कास्तेल्लीची मातीची भांडी प्रसिद्ध आहेत आणि रस्ते खचतात, दोन्हींचं मूळ तीच माती. 'फ्राना' म्हणजे दरड. 'स्त्रादा इंतेर्रोत्ता' म्हणजे पुढे रस्ता तुटलाय. 'सेन्सो उनिको आल्तेर्नातो' म्हणजे एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडतात, जाता येतं. पहिल्या दोन पाट्या दिसल्या की पाटीवरचं अंतर वाचा आणि जवळच्या बारमध्ये विचारा. गावातल्या बारवाल्याला रस्त्याची जी खबर असते ती कुठल्या ॲपला नसते. आदल्या संध्याकाळी राज्यमार्गांसाठी आनास या सरकारी रस्ते कंपनीची आणि प्रांतिक रस्त्यांसाठी त्या-त्या प्रांताची वेबसाइट बघा. उपग्रहचित्रावर आणि स्ट्रीट व्ह्यूवर भरवसा ठेवताना त्या चित्राची तारीख आधी वाचा. पूर्वेच्या पट्ट्यात पाच वर्षांपूर्वीचा गुळगुळीत रस्ता आज दरीत असू शकतो.

राज्यमार्ग ८० साठी एक पूर्ण दिवस ठेवा. लाक्विलाहून आरिस्कियामार्गे कापान्नेल्ले (१,३०० मीटर), मग व्होमानो नदीच्या घळीतून मोन्तोरिओपर्यंत, २६३ मीटरवर. साठेक किलोमीटर, त्यात चाळीसच्या वर उतार. दम असेल तर खिंडीजवळून कांपोतोस्तोच्या धरणाच्या तळ्याला वळसा घाला. १,३०० मीटरवरचं सपाट पाणी आणि मागे ग्रान सास्सो. व्होमानोच्या दरीत मोबाइलला बऱ्याच ठिकाणी रेंज नाही. तिघांत ठरवून ठेवा की पुढचा माणूस प्रत्येक गावात थांबेल. आपत्कालीन नंबर ११२. पायात अजून ताकद असेल तर दरीतून प्राती दी तिव्होचा फाटा फुटतो: साडेचौदा किलोमीटर, सरासरी सात टक्के, वर १,४५० मीटरवर स्की केंद्र आणि पुढे रस्ता संपतो. तिर्रेनो-आद्रिआतिको शर्यतीत २०१३ साली फ्रूम आणि २०२१ साली पोगाचार इथे जिंकले. एरवी मधल्या वारी गाड्या जवळजवळ नसतात.

ब्लॉकहाउस मी शेवटी ठेवतो, कारण तो सगळ्यांना जमेल असं नाही. १९६७ साली बेल्जियमच्या मेर्क्सने जिरोमधला आपला पहिला टप्पा जिथे जिंकला तो हा डोंगर. रोक्कामोरीचेच्या बाजूने जिरोने २०१७ साली मोजलेला चढ १३.६ किलोमीटर, सरासरी ८.४ टक्के. स्काफा स्टेशनवर उतरून तिथूनच सुरू केलंत तर एकूण चढाई दीड हजार मीटरच्या पुढे. जिरोचा टप्पा १,६६५ मीटरवर संपतो, पण डांबर पुढे पोमिलिओ निवाऱ्यापर्यंत आणि अडथळ्यानंतर आणखी वर जातं. अडथळ्यापलीकडे मोटारींना बंदी आहे आणि डांबर उखडलेलं आहे.

इथे कॅसेटचा प्रश्न येतो. ११-२८ घेऊन येऊ नका. साधं गणित: ३४ दातांची पुढची चकती, मागे २८, चाकाचा घेर २.१ मीटर, वेग ताशी आठ किलोमीटर. पाय मिनिटाला ५२ वेळा फिरतात. मागे ३४ असेल तर ६३. तासभर ५२ ने पायडल मारणं म्हणजे गुडघ्यावर सूड उगवणं. ११-३४ बसवताना मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारं यंत्र) तपासा. शिमानोच्या अकरा स्पीडच्या १०५ (आर७०००) आणि अल्टेग्रा (आर८०००) मध्ये आखूड पिंजऱ्याचा डिरेलर ३० दातांपर्यंतच चालतो, ३४ साठी मध्यम पिंजऱ्याचा लागतो. चेनही नवी आणि पुरेशी लांब हवी. जुन्या लांबीची चेन ठेवून मोठी-मोठी चकती पडली तर डिरेलर ओढून हँगर (डिरेलर फ्रेमला अडकवायचा तुकडा) तुटतो. हे पुण्यात करून, एखादा घाट चढून बघून या. सुल्मोना आणि लाक्विलाच्या मधे सायकलचं दुकान मिळेलच असं नाही. सुटा हँगर तुमच्याच फ्रेमचा, ब्रेक पॅडचा एक जोड आणि माणशी दोन ट्यूब घ्या. विमानात गॅस काडतुसांवरून वाद होतो, हातपंपच आणा.

टायर फ्रेममध्ये बसत असेल तर ३० किंवा ३२ करा. पंचाहत्तर किलोच्या माणसाला ३० मिमीमध्ये मागे ६५ आणि पुढे ६० पीएसआय पुरतं. पुण्यात भरता तसं ९०-१०० भरलंत तर प्रांतिक रस्त्यांच्या खडबडीत डांबरावर हात बधिर होतील आणि उतारावरच्या वळणात चाक उड्या मारेल.

उतारावर आणखी एक. उंची हजार मीटर वाढली की हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. सुल्मोनात २८ अंश असताना हॉटेलपाशी १७ असतं, आणि घामाने भिजलेला शर्ट घालून ताशी पन्नासने उतरताना ते आठासारखं वाटतं. बोटं आखडली की ब्रेक दाबता येत नाही, आणि अपघात होतो तो त्यामुळे. पातळ विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे जूनमध्येही खिशात हवेत. रिम ब्रेक असतील तर सतत दाबून ठेवू नका. सरळ भागात वेग घेऊ द्या, वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात, मग सोडा. कार्बन रिम असेल तर ब्लॉकहाउस उतरूच नका, ॲल्युमिनियमची चाकं लावून या. संध्याकाळी व्हिल्लेत्ता बार्रेआ ते पेस्कास्सेरोली या भागात हरणं रस्त्यावर येतात, अगदी गावातल्या गल्लीतसुद्धा. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा.

रेल्वेत सायकल न्यायची तर वेळापत्रकात सायकलचं चिन्ह असलेलीच प्रादेशिक गाडी निवडा. सायकलचं तिकीट दिवसाला साडेतीन युरो, काही प्रदेशांत फुकट. ११० × ८० × ४५ सेंटिमीटरच्या पिशवीत सुटी करून भरली तर सामान म्हणून विनातिकीट जाते. फसायला होतं ते रुळांचं काम चालू असताना: गाडीऐवजी बस सोडतात आणि त्या बसमध्ये सायकल बहुतेक घेत नाहीत. वेळापत्रकात तुमच्या गाडीपुढे बसचं चिन्ह आहे का ते आदल्या दिवशी बघा. असेल तर सायकल पिशवी जवळ असलेला माणूस सुटतो, बाकीचे स्टेशनवर राहतात.

दहा दिवसांची मांडणी अशी ठेवा: सुल्मोनाला तीन रात्री, मधे व्हिल्लेत्ताची एक, मग आतेर्नोच्या काठाने सांतो स्तेफानोकडे आणि तिथे तीन रात्री. पठार आणि ८० नंबर त्यातच. शेवटी व्हादो दी सोले उतरून पेन्नेला मुक्काम आणि तिथून पेस्कारा. ब्लॉकहाउससाठी पेस्काराहून सकाळच्या गाडीने स्काफाला जाऊन संध्याकाळी परत येता येतं. पेस्काराहून रोमची गाडी मिळते. आणि हा सगळा हिशेब मांडताना पठाराचा दिवस मंगळवार ते गुरुवारमध्ये येईल असं बघा. बाकी काहीही इकडेतिकडे झालं तरी चालेल.